बिजागरीची गोळी

इस्त्रीचा चटका बसला तेव्हा सुलोचनाताईंना काहीच जाणवलं नाही. जळल्याचा वास आला म्हणून त्यांनी आधी कापड पाहिलं. मोतिया रंगाचा ब्लाउज जसाच्या तसा होता. मग लक्ष डाव्या हाताकडे गेलं. करंगळीच्या कडेची कातडी पांढरी पडली होती आणि इस्त्री अजून तिला टेकलेलीच होती.

ब्रह्मपुरीच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान बावीस वर्षांचं. हाताखाली चार बायका होत्या, तरी लग्नाचे ब्लाउज ताई स्वतःच शिवायच्या. सन २०३९ मध्ये मापं मोबाइल घेत असे आणि कापड यंत्र कापत असे, पण ब्लाउज अंगावर नीट बसायला हवा असेल तर बायका अजून सुलोचना रंगारींकडेच येत. अशा हाताला चटका बसतो आणि कळत नाही, याचा अर्थ काय होतो ते ताईंना ठाऊक होतं. भावजय ज्या घरातून आली होती, त्या घरामुळेच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नागभीडकडची एसटी धरली. तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्या तिथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या मागच्या दाराने रजनीच्या खोलीत शिरल्या.

रजनी दुर्गे ही त्यांच्या धाकट्या भावाची, विलासची बायको. वय त्रेचाळीस, पद कुष्ठतंत्रज्ञ, आणि तीन तालुके मिळून या पदावर ती एकटीच. तिच्या आईला तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. औषधांनी रोग गेला, पण तोवर वाकलेली बोटं मरेपर्यंत वाकडीच राहिली. एकोणीस वर्षांपूर्वी रजनीचं लग्न ठरत होतं, तेव्हा 'त्या घरातली मुलगी नको' असं सगळ्यांत ठासून बोलणाऱ्या ताईच होत्या. तरी लग्न झालं. तेव्हापासून नणंद-भावजयीचं बोलणं सणावारापुरतंच.

"बसा ताई," रजनी म्हणाली. भाजलेल्या जागेवर तिने मलम लावलं, पट्टी बांधली आणि टेबलावरची चपटी डबी उघडली. डबीत पाच दांड्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला नायलॉनचा एकेक आखूड धागा. हिरवा केसाएवढा बारीक, मग निळा, जांभळा, लाल आणि सगळ्यांत जाड नारिंगी.

"डोळे मिटा. धागा लागला असं वाटलं की जागा बोटानं दाखवा."

धागा कातडीवर उभा टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, उचलायचा. धडधाकट हाताला हिरवाही कळतो. ताईंच्या करंगळीला हिरवा कळला नाही. निळा नाही. जांभळाही नाही. लाल टेकवला तेव्हा त्या चाचपडत म्हणाल्या, "आता काहीतरी झालं."

रजनीने त्यांच्या कोपराच्या आतली, बोटांना जाण देणाऱ्या मज्जातंतूची शीर बोटाखाली घेतली. ती सुतळीसारखी जाड लागत होती. जरा दाबताच ताई कळवळल्या.

"तोच आहे का?" ताईंनी विचारलं.

"तोच आहे. त्याच्या जंतूंची भीती बाळगू नका. गोळ्या सुरू केल्या की ते मरतात, आणि तुमच्यापासून कोणाला लागण होणार नाही. भीती या शिरेची आहे. तिथं रिअॅक्शन सुरू झाली आहे."

"तुह्या आईसारखे होतील का माहे हात?"

रजनीने डबी बंद केली. "होऊ नयेत म्हणूनच मी इथं बसते," ती म्हणाली.

लोकांना वाटतं कुष्ठरोगात बोटं जंतू खातात. तसं नसतं. जंतू आणि मेलेल्या जंतूंचे अवशेष शिरेत पडून राहतात. त्यामुळे शीर चिडते आणि एक रसायन रक्तात सोडते. ते रसायन म्हणजे मदतीची हाक. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर ती हाक ऐकणारे रिसेप्टर असतात, पेशींचे कानच म्हणा. हाक कानावर पडली की पेशी धावून येतात. गर्दी होते, शीर सुजते, आणि हाडाच्या खोबणीत सुजायला जागा नसल्यामुळे चेंगरते. माणसाचा हात त्याच्या स्वतःच्याच रक्षकांच्या पायाखाली तुडवला जातो.

यावर साठ-सत्तर वर्षं एकच उपाय होता, स्टिरॉइड. ते सगळ्या फौजेलाच गुंगी आणतं. तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. आणि ताईंना दहा वर्षांपासून मधुमेह होता. मधल्या काळात नवी औषधं निघाली ती पेशींच्या कानात बोळा घालणारी होती. हाकेचा रेणू रिसेप्टरच्या ज्या खाचेत बसतो, तिथेच जाऊन ती ठाण मांडत. पण मग पेशी ठार बहिऱ्या होत आणि फुप्फुसात क्षयाचा जंतू शिरला तरी जागच्या हलत नसत.

पुण्याच्या डॉ. हेमांगी वर्तक यांच्या गटाने त्या खाचेला हातच लावला नाही. रिसेप्टरचा एक भाग पेशीच्या आत असतो. तिथे त्यांना एक कोनाडा सापडला. त्यात बेताचा एक रेणू बसवला की बाहेरच्या खाचेचा आकार किंचित बदलतो. असं भलत्याच जागी बसून काम साधणाऱ्या औषधाला अॅलोस्टेरिक औषध म्हणतात. चाचणी सुरू होण्याआधी पुण्यात प्रशिक्षण झालं, तेव्हा वर्तकबाईंनी खोलीचं दार हलवून दाखवलं होतं.

"कुलपात काडी घातली तर दार उघडणारच नाही. आम्ही कुलपाला हात लावला नाही, बिजागरी घट्ट केली. दार उघडतं, पण सताड नाही. आणि बिजागरी एकदा पुरती आवळली गेली की कितीही गोळ्या खाल्ल्या तरी त्याहून आवळत नाही."

रजनीने हेच आपल्या रुग्णांना सांगितलं. गोळीचं कागदावरचं नाव आकडे आणि अक्षरांचं होतं; नागभीडच्या पट्ट्यात तिला सगळे 'बिजागरीची गोळी' म्हणू लागले.

चाचणीच्या नागभीड केंद्रात चौसष्ट माणसं घ्यायची होती. सगळ्यांना अगदी थोडं स्टिरॉइड. त्यासोबत निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, रजनीलाही नाही. प्रत्येकाच्या दंडावर एक चकती चिकटवलेली असे. ती रक्तातलं हाकेचं रसायन मोजून दर तासाला पुण्याला कळवायची आणि रसायन वाढेल तशी स्वतः हिरवीची पिवळी, पिवळीची लाल व्हायची. पुण्याचा सगळा भरवसा या चकतीवर होता. धाग्यांची तपासणी पहिल्या महिन्यानंतर ऐच्छिक होती. बाकीच्या दोन केंद्रांनी ती थांबवली. रजनीने थांबवली नाही. दर आठवड्याला चौसष्ट जोडी हात, प्रत्येक हातावर सहा जागा.

ताई त्या चाचणीच्या निकषांत बसत होत्या. त्यांचा क्रमांक अठ्ठेचाळीस. पण नाव घालताना त्या अडून बसल्या.

"मी तुही नणंद आहे हे कोणाले सांगू नको. इथल्या डॉक्टर सहारेंनाही नको. त्यांची बायको माह्याकडं कपडे शिवते. एका घरात कळलं की बाजारात कळलं."

"फॉर्मवर विचारतात ताई. तपासणाऱ्याच्या नात्यातलं माणूस असेल तर त्याला दुसऱ्यानं तपासावं लागते."

"दुसरं कोण आहे इथं?"

कोणी नव्हतं. आणि विलासलाही सांगायचं नाही, असं ताईंनी वर बजावलं. रजनीला तो लाल धागा आठवला, वाढलेली साखर आठवली आणि तिने 'रुग्ण नात्यातील आहे काय' या प्रश्नासमोर 'नाही'वर खूण केली. नोकरीच्या वीस वर्षांत तिने खोटं असं हे पहिल्यांदाच लिहिलं.

दहाव्या आठवड्यात पुण्याहून तातडीची बैठक बोलावली गेली. रजनी आणि डॉ. सहारे रुग्णालयाच्या छोट्या सभागृहात पडद्यासमोर बसले. पडद्यावर वर्तकबाई होत्या, डोळे ओढलेले. शेजारी सुरक्षा समितीचे तिघे सदस्य.

"एकट्या नागभीडमध्ये तीसहून जास्त रुग्णांच्या चकत्या पिवळ्या-लाल आहेत," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "हाकेचं रसायन कमी व्हायला हवं होतं, ते दुप्पट झालं आहे. संगणकाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. औषध उलटं काम करतंय. सोमवारपासून चाचणी थांबवावी, असं आमचं मत आहे."

डॉ. सहारेंनी मान खाली घातली. वर्तकबाईंनी समोरचे कागद मिटले. अकरा वर्षांचं काम होतं त्यांचं.

"मी बोलू का?" रजनीने विचारलं.

"बोला."

"ज्यांची चकती लाल, त्यांचीच बोटं सुधारून राहिली, सर."

पडद्यावर सगळे तिच्याकडे पाहू लागले. रजनीने आपली वही उघडली. "नऊ नंबरचा माणूस बांबूच्या टोपल्या विणतो. त्याची चकती चौथ्या आठवड्यापासून लाल. त्याच्या करंगळीला लाल धागा कळत होता, आता निळा कळतो. बावीस नंबरची बाई, तिला तर हिरवा कळायला लागला. आणि ज्यांच्या चकत्या हिरव्या आहेत, त्यांतले बरेच आहेत तिथंच आहेत. असं एक-दोघांचं नाही. मी सगळ्यांचं मांडून पाहिलं."

"बाई, धागा हे जुनं साधन आहे," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्यात तपासणाऱ्याचा हात आला, रुग्णाची मर्जी आली. रक्त खोटं बोलत नाही."

"रक्त खोटं नाही सर. पण आपण त्याला काय विचारून राहिलो?" रजनी थांबली. एवढ्या मोठ्या माणसांसमोर हे बोलावं की नाही, याचा तिने क्षणभर विचार केला. "आमच्याकडं लग्नाच्या पंगतीला भात टाकतात. पंगतीला माणसं कमी बसली तर भात पातेल्यात उरतो. उरलेला भात पाहून कोणी म्हणत नाही की पाहुणे जास्त आले. तुम्ही हाकेचं रसायन मोजता. पण हाक ऐकून पेशी येतात, तेव्हा त्या रसायनाचं पुढं काय होते? ते तसंच राहते की त्या पेशी ते खाऊन टाकतात?"

वर्तकबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता.

"गिळतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रेणू रिसेप्टरवर घट्ट बसला की पेशी दोघांनाही आत ओढून घेते. रक्तातलं रसायन त्यामुळेच संपत जातं. आमच्या गोळीनं ते आत ओढणंच मंदावलं असेल, तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि अध्यक्षांकडे वळल्या. "मला सोमवारपर्यंतचा वेळ द्या. प्रयोगशाळेत पेशींवर हे तपासता येईल. पण पेशी बशीत काय करतात त्यावरून चाचणी वाचणार नाही. हात सुधारल्याचा पुरावा लागेल, आणि तो फक्त रजनीबाईंकडे आहे. बाई, तुमच्या सगळ्या नोंदी मला पाठवा. आजच."

डॉ. सहारेंनी बाहेर पडताना रजनीच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना आनंद झाला होता. रजनीला मात्र आपल्या वहीतलं एकच पान दिसत होतं, अठ्ठेचाळीस नंबरचं.

त्या दुपारी ती ब्रह्मपुरीला गेली. दुकानात ताई एकट्याच होत्या, हाताखालच्या बायका जेवायला घरी गेलेल्या. ताई डाव्या हाताने कापड सारत होत्या. करंगळी बाकीच्या बोटांना चिकटून सरळ पडत होती. महिन्यापूर्वी ती बाजूला वाकून राहायची.

रजनीने झालेलं सगळं सांगितलं.

"मग पाठव नं नोंदी. माह्याकडं काहून आली?"

"त्या नोंदी तपासतील ताई. एकेक फॉर्म काढून पाहतील. तुमचं माझं नातं कधीतरी निघेल. एक खोटी खूण सापडली की चौसष्ट जणांच्या नोंदी खोट्या ठरतील. मग औषध गेलं. तुमचं गेलं आणि पुढं ज्यांना होणार त्यांचंही गेलं."

ताईंनी कात्री खाली ठेवली. "म्हणजे तू सांगणार."

"मी माझ्यापुरतं सांगणार. क्रमांक देईन, नाव देणार नाही."

"क्रमांकावरून नाव काढायला किती वेळ लागते? ह्या बाजारात मी कशी बसू मग? तुह्या आईशी लोक कसे वागले ते तू पाहिलं नाही का?"

"पाहिलं," रजनी म्हणाली. "तुम्ही कशा वागल्या तेही पाहिलं. तरी तुमच्यासाठी मी ती खूण केली. त्याचा मला पस्तावा नाही. पण आता ती ठेवता येत नाही."

गिऱ्हाईक आलं तशी ताई उठून मापं पाहू लागल्या. रजनी परत निघाली. एसटीत बसल्याबसल्या तिने मोबाइलवर नोंदी जोडल्या आणि वर चार ओळी लिहिल्या: क्रमांक अठ्ठेचाळीस माझ्या जवळच्या नात्यातील आहे. फॉर्मवरील माझी खूण खोटी होती. ती मी जाणूनबुजून केली. त्याची जबाबदारी माझी.

संध्याकाळी घरी तिने विलासला सांगितलं. ताईंचं नाव मात्र घेतलं नाही. "जवळच्या नात्यातल्या रुग्णासाठी मी फॉर्मवर खोटी खूण केली. माझी चौकशी होईल. नोकरीवरही येऊ शकते," एवढंच म्हणाली. विलास वीज मंडळात लाइनमन होता, कमी बोलणारा. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"जवळचं नातं," तो म्हणाला. "माझ्याकडचं की तुझ्याकडचं?"

रजनीने ताटं मांडायला घेतली. तिच्याकडचं आता कोणी उरलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. तो उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला.

दोन दिवसांनी समितीचं पत्र आलं. रजनी दुर्गे यांना चाचणीतून तत्काळ दूर करण्यात येत आहे. त्यांच्या नोंदी ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. मात्र चाचणी थांबवण्यापूर्वी नागभीड केंद्राच्या सर्व चौसष्ट रुग्णांचे हात बाहेरच्या तंत्रज्ञाकडून नव्याने तपासले जातील. तंत्रज्ञाला रजनीच्या नोंदी आणि चकत्यांचे रंग, दोन्ही दाखवले जाणार नाहीत.

यवतमाळहून मनोहर गेडाम आले. वय एकाहत्तर, निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. कुष्ठरोगाच्या कामात ज्यांनी आयुष्य काढलं, अशांपैकी ते एक होते. त्यांनी रजनीच्या नमस्काराला मान हलवली आणि म्हणाले, "तुम्ही खोलीत येऊ नका. अंगणातही माझ्याशी बोलू नका. राग मानू नका." प्रत्येक रुग्णाच्या दंडावरची चकती त्यांनी आधी पट्टीने झाकायला लावली.

तपासणी तीन दिवस चालली. रजनी अंगणातल्या बाकावर बसून राहिली. घरी बसवेना. तिच्या ओळखीचा एकेक माणूस समोरून आत जात होता, पण तिच्याशी नीट कोणी बोलेना. चाचणी बंद होणार आणि ती रजनीमुळे होणार, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी रांगेत बांबूकाम करणारे दयाराम उभे होते, क्रमांक नऊ. ते शेजाऱ्याला म्हणाले, मुद्दाम रजनीला ऐकू जाईल असं, "कोणाच्या तरी नातेवाइकासाठी बाईनं खोटं लिहिलं म्हणते. एकाच्या पायी आम्ही सारे मेलो."

रांगेच्या शेवटी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली एक बाई उभी होती. तिने दुपट्टा सोडला.

"तो नातेवाईक मी," सुलोचनाताई म्हणाल्या. "खोटं तिनं लिहिलं, पण लिहायला मी लावलं. मले लाज वाटत होती. मी ब्रह्मपुरीची सुलोचना रंगारी, हिची नणंद. बोलायचं असंन तर मले बोला."

औषधाच्या खिडकीपाशी डॉ. सहारेंची बायको उभी होती. तिने वळून पाहिलं. ताईंनीही तिला पाहिलं आणि नजर खाली केली नाही. फाटकाशी विलासची मोटरसायकल होती. तोच बहिणीला घेऊन आला होता. आदल्या संध्याकाळी तो आपणहून तिच्या दारात गेला होता आणि काही न विचारता तिचा डावा हात हातात घेऊन बसला होता, हे रजनीला नंतर कळलं.

दयाराम थोडे बाजूला सरकले. "या बाई, पुढं या," ते म्हणाले. "तुमची बस असंन."

"नाही. मी रांगेतच येते," ताई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेडामांनी शेवटचा हात तपासला, वही सीलबंद करून पुण्याला पाठवली आणि मगच बाहेर येऊन रजनीच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुम्ही काय लिहिलं आहे ते मला माहीत नाही. पण इतके हात परत येताना मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाहीत."

निकाल सोमवारी कळला. चौसष्टपैकी एकसष्ट जणांच्या बाबतीत गेडामांच्या आणि रजनीच्या नोंदी तंतोतंत जुळल्या. उरलेल्या तिघांत फरक होता तो एकेका धाग्याचा, आणि त्यांतल्या दोघांत रजनीनेच रुग्णाला कमी गुण दिले होते. क्रमांक अठ्ठेचाळीसच्या नोंदीत काडीचाही फरक नव्हता. समितीने गोळ्यांचं गुपित उघडलं. खरी गोळी तेहतीस जणांना मिळत होती. त्यांतल्या एकोणतीस जणांच्या बोटांत जाण परतली होती. पोकळ गोळीवाल्या एकतीस जणांपैकी फक्त आठांच्या.

वर्तकबाईंनी स्वतः फोन केला. "पातेलं तपासलं आम्ही," त्या म्हणाल्या. "भात उरलाच होता. गोळी घेतलेल्या पेशी हाकेचा रेणू गिळतच नाहीत. त्या थोड्याच येतात, बेतानं काम करतात. आम्ही चकतीला चुकीचा प्रश्न विचारत होतो, आणि तो आमच्यातल्या एकालाही सुचला नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला शिक्षा होईल. मी ती थांबवू शकत नाही. थांबवणंही बरोबर नाही."

"मला माहीत आहे," रजनी म्हणाली.

पुढच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. पहिलं राज्याच्या आरोग्य कार्यालयाचं होतं: खोटी माहिती भरल्याबद्दल सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंद, दोन वर्षं कोणत्याही चाचणीत भाग घेण्यास मनाई. दुसरं पुण्याचं: चार राज्यांत होणाऱ्या मोठ्या चाचणीत चकतीऐवजी धाग्यांची तपासणी हाच मुख्य पुरावा मानला जाईल आणि ती रजनी दुर्गे यांच्या पद्धतीने केली जाईल.

विलासने दोन्ही वाचली. "हे पुण्याचं फ्रेम करून लावू भिंतीला," तो म्हणाला.

"लावायची तर दोन्ही लाव. दोन्ही माझ्याच कामाची आहेत."

विलासने ती दोन्ही लावली. आलेला माणूस आधी पुण्याचं वाचायचा, मग ताकीद, आणि मग रजनीकडे पाहायचा. ती कोणाला काही समजावून सांगत बसली नाही.

मनाईची दोन वर्षं संपली त्या हिवाळ्यात तिला पहिली तुकडी शिकवायला मिळाली. ओडिशा, छत्तीसगड, झारखंड आणि विदर्भातून बारा तंत्रज्ञ नागभीडला आले. बहुतेक तरुण होते, सगळ्यांच्या खिशात बोटांची जाण मोजणारं नवं यंत्र. रजनीने त्यांना धागा उभा कसा धरायचा, किती वाकवायचा, किती वेळ ठेवायचा ते दाखवलं. मग विचारलं, "सराव कोणाच्या हातावर करणार?"

"माह्या," मागून आवाज आला.

सुलोचनाताई दुकान बंद करून आल्या होत्या, नव्या साडीत. त्या खुर्चीत बसल्या, डावा हात टेबलावर पसरला आणि डोळे मिटले. बाराही जण भोवती जमले. छत्तीसगडच्या एका मुलीने घाबरत पुढे येऊन हिरवा धागा उचलला. तो करंगळीच्या टोकापाशी नेला, पण टेकवायचा धीर होईना. तसाच हवेत धरून तिने विचारलं, "कळला का?"

"अजून लागला नाही, बेटा," ताई डोळे न उघडता म्हणाल्या. "आधी टेकव. मग विचार."

मुलीने धागा टेकवला. तो केसासारखा वाकला. ताईंनी उजव्या हाताचं बोट उचललं आणि करंगळीवर नेमकं तिथेच ठेवलं.